वाहकावाचून माल

गेल्या महिन्यात भाच्याच्या आग्रहावरून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत जाण्याचा प्रसंग आला. यंत्रमागांचा खडखडाट चालू होता आणि टॉवेलांचे गठ्ठे पार छतापर्यंत रचलेले होते. भाचा मात्र कपाळाला हात लावून बसला होता. मला पाहताच म्हणाला, "मामा, माल तयार आहे, पण गाडी आली नाही. गाडीवाचून हा माल कसला, नुसते ओझे!"

रात्री जेवताना ही हकीकत मी घरात सांगितली. धाकट्या सूनबाई पुण्यास जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत काम करतात. सणानिमित्त त्या घरी आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "मामंजी, आमच्याकडे अशीच एक गाडी इवल्याशा बाटलीत भरून येते." मग त्यांनी जे सांगितले, ते वाचकांच्या घरीही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

आपल्या शरीरात 'अ' जीवनसत्त्वाचे मुख्य कोठार म्हणजे यकृत. हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारे. रक्ताच्या पाणचट प्रवाहात त्याला एकट्याने प्रवास करता येत नाही. म्हणून यकृतच त्याच्यासाठी एक वाहक तयार करते. त्याचे नाव रेटिनॉल-बंधक प्रथिन. 1968 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी ते मानवी रक्तातून वेगळे करून दाखविले. 183 अमिनो आम्लांची ही साखळी अशी वळलेली असते की तिच्या पोटात जीवनसत्त्वाचा एक रेणू अलगद बसतो. गाडी इतकी लहान की मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटून जावी! म्हणून रक्तात ती ट्रान्सथायरेटिन नावाच्या दुसऱ्या, मोठ्या प्रथिनाचा हात धरून चालते.

यातील मौज अशी की, माल चढल्याशिवाय ही गाडी सहसा कोठाराबाहेर पडत नाही. जीवनसत्त्वाचा दुष्काळ असला म्हणजे रिकाम्या गाड्या यकृतातच साचून राहतात. मग थोडेसे जीवनसत्त्व पोटात गेले की काही तासांतच त्या रक्तात उतरतात. याच गोष्टीचा आधार घेऊन कोठार भरलेले आहे की रिते, हे ओळखण्याची एक परीक्षा शास्त्रज्ञांनी बसविली आहे. उलट, ज्या मुलाच्या आहारात प्रथिनांची फार वाण असते, त्याच्या यकृतात गाड्याच पुरेशा घडत नाहीत. मग कोठारात माल असूनही डोळ्यांना उपास घडतो.

बाटलीतील गाडी मात्र माणसाच्या यकृतातली नव्हे. मानवी जनुक एखाद्या जंतूच्या देहात घालावयाचे आणि त्याच्याकडून आपले प्रथिन घडवून घ्यावयाचे, अशी ही युक्ती आहे. आमच्या पिढीस हा परकायाप्रवेशच वाटावा! परंतु जंतूच्या पोटात हे प्रथिन पुष्कळदा गुंतलेल्या सुताच्या लडीसारखे निघते; ते उकलून पुन्हा नीट घडी घालावी लागते. एवढा खटाटोप कशासाठी? रक्तात हा वाहक किती आहे हे मोजावयाचे तर ताजव्याला खात्रीचे वजन हवे, आणि ते काम हे शुद्ध प्रथिन करते. शिवाय जीवनसत्त्व त्याच्या पोटात कसे धरले जाते आणि पेशीच्या दारी कसे उतरविले जाते, हेही त्यावरून अभ्यासता येते. पेशीवरील ते दार कोणते, याचा शोध 2007 साली लागला.

हे ऐकून थोरल्या वहिनी म्हणाल्या, "मग तीच बाटली आणून आपल्या चिमणीला का देऊ नये?" सूनबाईंनी हात जोडले. "नको हो! ती केवळ प्रयोगशाळेसाठी असते, औषध म्हणून नव्हे. पोटात गेली तर तीही वरणातल्या प्रथिनासारखी पचूनच जाईल. आपली गाडी आपल्या यकृतालाच घडवू द्यावी. त्याला फक्त सामान पुरवावे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी मागावर काम करणाऱ्यांच्या मुलांचा सायंकाळचा वर्ग घेत असे. त्यातला एक मुलगा दिवे लागण्याच्या सुमारास बाकांना अडखळे, फळ्यावरचे वाचताना चाचपडे. मी त्याला आळशी ठरविले आणि एकदा सर्वांदेखत उभे केले. पुढे कळले की, त्याला रातांधळेपणा होता. सुश्रुताने नक्तांध्य म्हणून सांगितलेला आणि शेळीच्या यकृताचा उपाय लिहून ठेवलेला तो विकार मी ग्रंथात वाचला होता. समोर उभा असता मात्र ओळखला नाही. विद्या माझ्या कोठारात होती, गाडी नव्हती. त्या मुलाची क्षमा मागण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही.

म्हणून वाचक भगिनींस व बंधूंस विनंती आहे. मूल संधिप्रकाशात अडखळू लागले तर रागावू नये, त्याला वैद्यकीय तपासणीस न्यावे. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सरकारी आरोग्यसेवेतून 'अ' जीवनसत्त्वाच्या नऊ मात्रा मिळतात. त्या चुकवू नयेत. मात्र आपल्याच मनाने अधिक देऊ नयेत, कारण या जीवनसत्त्वाचा अतिरेकही बाधतो. गर्भवतींनी तर विशेष जपावे. आपल्या शाकाहारी घरांत मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा यांतून शरीर हे जीवनसत्त्व बनविते. पण ते अंगी लागण्यास सोबत थोडे तेल-तूप हवे, आणि गाडी घडण्यास डाळ, दूध, शेंगदाणे हवेत. पालेभाजी, वरण आणि भाकरीवर सोलापुरी शेंगाची चटणी, तीही तेल घालून: आमच्या आईचे हे साधे ताट माल आणि वाहक दोन्ही पुरवीत होते.

भाच्याची गाडी दुसऱ्या दिवशी आली. ती फाटकाबाहेर पडताना मी पाहत उभा राहिलो, आणि डोळ्यांपुढे आला तो दिवेलागणीला बाक चाचपीत येणारा मुलगा.