विश्लेषण : तासिकेवरच्या प्राध्यापकाने दाद कुठे मागायची?

मौद्यासारख्या तालुक्याच्या गावी नागपूरहून एसटीने येऊन शिकवणाऱ्या तासिका तत्त्वावरील, म्हणजे सीएचबी प्राध्यापकाला कोणी नोटीस देत नाही. त्याच्या तासिका कमी होतात, देयकावरची सही अडते, नॅकची कामे फुकट करून घेतली जातात. तक्रारीचा सूर लागलाच, तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य पुरते.

हे वाक्य इतके परिणामकारक का?

नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरतीच असते. २०२३ मध्ये राज्याने पदवीच्या तासिकेचा दर ९०० रुपये केला. आठवड्याला कमाल ९ तासिका धरल्या, तरी चार आठवड्यांचे ३२,४०० रुपये होतात. सुट्टीत तेही नाहीत. वेळापत्रक ज्याच्या हातात, त्याच्या हातात पगार. वर्षाअखेरीस न बोलावणे ही बडतर्फी नव्हे, मुदत संपली, असे संस्था म्हणू शकते.

मग कुठे जायचे?

कामगार न्यायालयाचा रस्ता जवळपास बंद आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नाहीत, असे ठरवले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये दोन दारे आहेत : कलम ७९ ची तक्रार निवारण समिती आणि सेवा संपवल्यास न्यायाधिकरणाकडे अपील. रोजच्या जाचासाठी पहिलेच अधिक उपयोगाचे. न्यायाधिकरणात मात्र मुदत संपल्याचा मुद्दा आडवा येतो.

महिला प्राध्यापकांचा लैंगिक छळ झाला असेल, तर २०१३ चा कायदा कायम आणि हंगामी असा भेद करत नाही. अंतर्गत समितीकडे तक्रार ३ महिन्यांत द्यावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

गुजरातच्या निकालाचा आधार किती?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणी देण्याचा आदेश दिला. त्यांना महिना ३० हजार मिळत होते. ते पूर्ण वेळ, नियमितांसारखेच काम करत होते. ९ तासिकांच्या चौकटीत बसवलेल्यांना तोच न्याय आपोआप लागू होत नाही. पण कागदावर ९ तासिका आणि प्रत्यक्षात दिवसभर हजेरी, परीक्षा, प्रवेशाची कामे असतील, तर ती नोंद महत्त्वाची ठरते. तोंडी सांगितलेले काम त्याच दिवशी प्राचार्यांना ईमेल करून कळवावे आणि बदललेल्या वेळापत्रकाचा तारखेसह फोटो ठेवावा. देयकाच्या अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्यावी.