रस्ता गहाण टाकू नका!
वाहनतळासाठी नवे तंत्रज्ञान हवेच. पण त्यापायी रस्ताच गहाण टाकावा काय? अमेरिकेतील शिकागो महापालिकेने २००८ साली अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्यासाठी मीटर लावलेल्या सुमारे ३६ हजार जागा ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीच्या हवाली केल्या. हाती आले सुमारे ११५ कोटी डॉलर. कार्ड घेणारी नवी यंत्रे आली, तसे दरही कडाडले. ठरल्याहून अधिक काळ रस्ता बंद ठेवल्यास महापालिकेनेच कंपनीला भरपाई द्यायची, असा हा करार! गुंतवणूकदारांत अबू धाबीचा सरकारी निधीही होता. यातून बोध घ्यावा. मुंबई-पुण्यात कॅमेरे, ॲप, ई-चलन अवश्य यावे. मात्र रस्ता आणि त्याचे दर यांवरील अधिकार महापालिकांनी स्वतःकडेच राखावा. अजून न जन्मलेल्या पिढ्यांचे रस्ते विकण्याचा अधिकार पाच वर्षांसाठी निवडून आलेल्या कोणालाही नाही.