शर्ट काढायला लाज का वाटते?

दोस्तांनो, पलूस भागातल्या मुलांना शर्ट काढायचे प्रसंग काही कमी येत नाहीत. उन्हाळ्यात कृष्णेत नाहीतर विहिरीत डुंबायचं असतं. कुंडलच्या मैदानामुळे कुस्तीचं वेडही घराघरांत! पण सातवी-आठवीतला एखादा मुलगा अचानक तालमीत जायचं बंद करतो. पोहायला चल म्हटलं, तर पोटात दुखतं म्हणतो. घरच्यांना वाटतं, पोरगं आळशी झालं. खरं कारण निराळंच असतं. त्याची छाती फुगीर दिसू लागलेली असते, वर्गात पोरं चिडवतात, आणि हे सांगायचं कुणाला?

याला डॉक्टर 'गायनेकोमॅस्टिया' म्हणतात. नाव अवघड, पण गोष्ट साधी. मुलांच्या अंगातही थोडं स्त्री-संप्रेरक असतंच. वयात येताना, साधारण १२ ते १४ वर्षांच्या सुमारास, दोन्ही संप्रेरकांचा तोल काही काळ ढळतो. मग स्तनाग्रामागे नाण्याएवढी चकती तयार होते. धक्का लागला तर ती दुखते. निम्म्या किंवा त्याहूनही जास्त मुलांना हे थोडंफार होतंच! बहुतेकांची चकती एक-दोन वर्षांत आपोआप जिरते. लठ्ठ मुलांच्या छातीत कधी कधी नुसती चरबी असते. वजन उतरलं की तीही कमी होते.

मग ऑपरेशन कुणाला लागतं? दोन वर्षं उलटूनही गाठ जिरली नाही आणि मुलाला फार त्रास होत असेल, तर. तेही बहुधा वाढ पूर्ण झाल्यावर, नाहीतर गाठ पुन्हा वाढू शकते. सातव्या शतकात एजिनाच्या पॉल नावाच्या ग्रीक वैद्यानं अर्धचंद्राकृती छेद घेऊन हे ऑपरेशन करायची रीत लिहून ठेवली आहे. तेव्हा भूल नव्हती, हं! आज भूल देऊन ते होतं. चरबी असेल तर बारीक छिद्रातून नळी घालून ती ओढून घेतात. ग्रंथीची गाठ टणक असते, ती नळीतून सहसा निघत नाही. तिच्यासाठी स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेला छोटा छेद घेतात. व्रण तिथं लपून जातो. पुष्कळदा दोन्ही करावं लागतं. नंतर काही आठवडे घट्ट बनियन घालावं लागतं, आणि तोवर कुस्ती बंद. रक्त साकळणं, खड्डा पडणं, बधिरपणा असे धोकेही असतात. म्हणून घाई नको.

एक सावधगिरी. 'ताकदीची' म्हणून कुणी इंजेक्शनं किंवा गोळ्या देऊ केल्या, तर साफ नाही म्हणा. स्टेरॉइडमुळेही छाती वाढते. काही औषधांनीही असं होतं.

आई-बाबांनो, एकाच बाजूची टणक गाठ, स्तनाग्रातून स्राव, वृषणात गाठ, किंवा वयात येण्याआधीच फुगलेली छाती दिसली, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. एरवी निदान एकदा तपासून घ्या आणि धीर द्या. 'कुस्ती सोडू नकोस, हे जाईल,' एवढं बाबांनी म्हटलं, तरी पोराचं निम्मं ओझं उतरतं.

आणि चिडवणाऱ्या दोस्तांनो, पुढच्या वर्षी ही पाळी तुमच्यावरही येऊ शकते बरं का!