पाण्याची पारख

आपण पाण्याची परीक्षा डोळ्यांनीं करितों. पाणी निवळ दिसलें व त्यास वास आला नाहीं, कीं तें चांगलें असें समजतों. गढूळ असल्यास तुरटी फिरवितों, संशय आल्यास उकळतों. ह्या रीति चांगल्याच आहेत; परंतु शिसें, पारा यांसारख्या धातूंचे आयन पाण्यांत विरघळले असतां त्यांस ना रंग, ना वास. उकळल्यानेंही ते जात नाहींत. उलट पाणी आटलें म्हणजे त्यांचें प्रमाण वाढतें.

भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत शिसें दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावें. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. एवढें अल्प प्रमाण डोळ्यांस कसें दिसावें? आणि शिशाचा घाला तर विशेषतः लहान मुलांच्या बुद्धीवर पडतो. म्हणून हा प्रश्न विद्यार्थ्यांचा स्वतःचा आहे.

जें डोळ्यांस दिसत नाहीं, तें प्रकाशानें दाखविण्याची एक युक्ति रसायनशास्त्रानें शोधिली आहे. १८६७ सालीं गोपेल्सरोडर या शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, मोरिन नांवाचा झाडापासून मिळणारा पिवळा रंग ॲल्युमिनियमच्या संगतींत हिरवा चमकतो. आपल्या तुरटींत हाच धातु असतो. पुढें शास्त्रज्ञांनीं असे रेणु मुद्दाम घडविले. त्यांचा एक भाग ठराविक धातूचा आयन धरितो व दुसरा प्रकाश देतो. पुष्कळ रेणूंत, आयन नसतांना, पहिल्या भागांतील इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जाऊन प्रकाश विझवितो. आयन येऊन बसला, कीं तो इलेक्ट्रॉन अडकतो आणि अतिनील दिव्याखालीं रेणु उजळतो. उलट तांब्यासारखे धातु कित्येकदां असलेला प्रकाशही मालवितात. विद्यार्थ्यांस याचा मासला पाहावयाचा असेल, तर क्विनीन घातलेलें टॉनिक वॉटर त्या दिव्याखालीं ठेवावें. तें निळें चमकेल. त्यांत मीठ विरघळविलें, कीं मिठांतील क्लोराइड आयनांमुळें ती चमक मंदावेल. मात्र दिव्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये.

राम नदी भुकूमच्या परिसरांत उगम पावते आणि भूगांव, बावधन, पाषाण या वाटेनें जाऊन औंधाकडे मुळेस मिळते. पाषाणास १९५० सालीं उघडलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. २००६ सालीं स्थापन झालेली आयसर ही विज्ञानसंस्थाही तेथेंच आहे. भुकूमचें पाणी असें शास्त्राच्या दारापर्यंत जातें. आतां शास्त्रानें भुकूमच्या विहिरीपर्यंत यावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

कोणी म्हणेल, आमचे वाडवडील हेंच पाणी पिऊन म्हातारे झाले. खरें, पण त्यांच्या काळीं निकामी बॅटऱ्या, रंग आणि कारखान्यांचें सांडपाणी आजच्याइतकें पसरलेलें नव्हतें. दुसरा म्हणेल, शहरांतल्या प्रयोगशाळा पाहून घेतील. त्यांचीं यंत्रें अधिक अचूक आहेत हें मान्य. पण प्रत्येक विहिरीचें पाणी दर महिन्यास तेथें कोण नेणार? संवेदक रेणु हा राखणदार आहे, प्रयोगशाळा ही न्यायाधीश. राखणदारानें हांक मारावी, निवाडा तिनें द्यावा. एका धातूसाठीं केलेला संवेदक दुसऱ्याविषयीं सहसा कांहीं सांगत नाहीं. म्हणून त्यानें इशारा दिला नाहीं एवढ्यावरून पाणी निर्दोष ठरत नाहीं, हेंही विसरूं नये.

यास्तव आमचें असें मत आहे कीं, राम नदीच्या कांठच्या प्रत्येक शाळेनें एक अतिनील दिवा, योग्य संवेदक आणि एक वही ठेवावी. दर महिन्यास विहिरीचें, नळाचें व नदीचें पाणी शिक्षकांच्या देखरेखीखालीं तपासावें; तारीख, स्थळ आणि जें दिसलें तेंच लिहावें; संशय आल्यास नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा. पालकांनींही ही वही पाहण्यास मागावी. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्या हातानें गांवच्या पाण्याची वहीही एकदां उघडावी, हें कांहीं फार मोठें मागणें नव्हे.