आकाशातले कुलूप

उपग्रहवाहिन्यांच्या चोरीची बातमी आली की चर्चा छाप्यांपाशी थांबते. कुलपाच्या मजबुतीविषयी मात्र कोणी विचारत नाही.

डीटीएचचा संदेश साऱ्या देशावर सारखाच बरसतो. वर्गणी भरणारा आणि न भरणारा यांत भेद करते ती केवळ कूटबद्धीकरणाची किल्ली. त्यासाठी डीव्हीबी या युरोपीय संघटनेने 1994 साली स्वीकारलेली ‘सीएसए’ पद्धत जगभर रूढ झाली. तिची किल्ली 64 बिटांची. पण प्रचलित रचनेत त्यांतील 16 बिट निव्वळ पडताळणीसाठी खर्ची पडतात. उरलेल्या 48 बिटांतून सुमारे 281 लाख कोटी शक्यता निर्माण होतात. ही संख्या अफाट वाटते. तरी 2011 मध्ये जर्मन संशोधकांनी आधीच गणून ठेवलेल्या तक्त्यांच्या आधारे अशी किल्ली काही सेकंदांत शोधून दाखवली.

चोराला तेवढेही कष्ट नकोत. वैध कार्डाने उलगडलेली, दर काही सेकंदांनी बदलणारी किल्ली तो इंटरनेटवरून इतर पेट्यांना वाटतो. तेथे किल्लीची लांबी कामी येत नाही. कार्ड आणि पेटीची चिप परस्परांशी बांधलेली असावी लागते.

128 बिटांची ‘सीएसए-3’ उपलब्ध आहे. अडचण अशी की ही पद्धत चिपमध्येच कोरलेली असते. पेटी बदलल्याविना कुलूप बदलत नाही. म्हणून छाप्यांइतकेच महत्त्व पेट्यांच्या मानकांना हवे. नव्या पेटीला मान्यता देताना तिचे कुलूप किती वर्षे टिकेल, हा प्रश्न सक्तीचा असावा. अन्यथा चोरीचा भुर्दंड प्रामाणिक वर्गणीदारच सोसत राहील.