विश्लेषण : ‘नाकाचे हाड वाढले’ म्हणजे लगेच शस्त्रक्रिया?

‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे कळले की काही जण लगेच शस्त्रक्रियेची तारीख घेतात. काही जण ‘ते पुन्हा वाढते’, ‘नाकातला बोळा काढताना जीव जातो’ अशा ऐकीव गोष्टींना घाबरून वर्षानुवर्षे तोंडाने श्वास घेत राहतात. हे दोन्ही निर्णय चुकीचे ठरू शकतात.

हाड खरेच वाढते का?

बहुतेकदा नाही. दोन नाकपुड्यांमधला पडदा पुढे कूर्चेचा, म्हणजे कोवळ्या हाडाचा आणि मागे पक्क्या हाडाचा असतो. जन्मतः, वाढीच्या वयात किंवा मार लागल्याने तो एका बाजूला झुकतो. थोडाफार वाकडा पडदा असंख्य लोकांचा असतो आणि त्यातील अनेकांना काहीही त्रास नसतो. त्यामुळे केवळ सीटी स्कॅनच्या अहवालात ‘डीएनएस’ लिहून आले, हे शस्त्रक्रियेचे कारण होऊ शकत नाही.

मग नाक कशामुळे बंद?

निरोगी माणसाच्याही नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीने थोड्या बंद होतात. शिंका, खाज, पाण्यासारखी सर्दी असेल तर अॅलर्जीची शक्यता अधिक. नाकातील मांसल भाग सुजूनही वाट अडते. मात्र एकच बाजू कायम बंद राहत असेल आणि औषधी फवाऱ्यानेही फरक पडत नसेल, तर पडद्याकडे बोट दाखवता येते.

शस्त्रक्रिया कशी बदलली?

शिकागोतील ऑटो फ्रीअर (१९०२) आणि जर्मनीतील गुस्ताव किलियन (१९०४) यांनी रूढ केलेल्या पद्धतीत आतले आवरण सोडवून वाकडी कूर्चा व हाड मोठ्या प्रमाणात काढून टाकले जाई. नाकाला आधार म्हणून वर आणि पुढे साधारण एक सेंटीमीटरची पट्टी तेवढी ठेवली जाई. त्यातून काहींचे नाक मध्येच खचे, काहींच्या पडद्याला भोक पडे. पुढे अमेरिकेतील मॉरिस कॉटल यांनी शक्य तितके राखून पडदा सरळ करण्यावर भर दिला. हीच आजची सेप्टोप्लास्टी.

दुर्बीण हवीच का?

हे वाकडेपणा कुठे आहे यावर ठरते. मागच्या भागातील हाडाचा टोकदार उंचवटा काढायला किंवा एकदा शस्त्रक्रिया झालेल्या नाकात दुर्बीण फार उपयोगी पडते. पडद्याचे अगदी पुढचे टोक वाकले असेल, तर नेहमीची उघडी पद्धत सोयीची असते. बाहेरून नाकही वाकडे असेल, तर सेप्टोऱ्हायनोप्लास्टी लागू शकते. म्हणून ‘दुर्बिणीची म्हणजे चांगली’ हे समीकरण फसवे आहे. बोळ्याची भीतीही आता जुनी झाली आहे. अनेक सर्जन त्याऐवजी विरघळणारे टाके घालतात.

फायदा किती?

ब्रिटनमधील ३७८ प्रौढांवरील चाचणी २०२३ मध्ये ‘बीएमजे’ने प्रसिद्ध केली. तीत सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांचा त्रास फवाऱ्यांवर ठेवलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळला. नेदरलँड्समधील २०३ प्रौढांवरील चाचणीचा निष्कर्षही (‘द लॅन्सेट’, २०१९) शस्त्रक्रियेच्याच बाजूने आहे. पण हे सगळे नाक बंद राहण्याचा त्रास असलेले रुग्ण होते. म्हणजे योग्य रुग्णाने घाबरून शस्त्रक्रिया टाळणे हेही नुकसानच.

रुग्णाने काय विचारावे?

पडदा नेमका कुठे वाकडा आहे? माझा त्रास त्यामुळेच आहे का? अॅलर्जी असेल तर शस्त्रक्रियेनंतर काय उरेल? हे तीन प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि तपासणीतील चित्र पडद्यावर दाखवून उत्तर देणे ही तज्ज्ञाची जबाबदारी. पडदा सरळ केल्याने अॅलर्जी जात नाही. हे आधी न सांगितल्यामुळेच नंतर नाक चोंदले की ‘हाड पुन्हा वाढले’ असा समज होतो. कूर्चा काही वेळा पुन्हा झुकते, हेही खरे. तेही आधीच सांगायला हवे. पॅकेजचा आकडा आणि यंत्राचे नाव सांगण्याआधी या गोष्टी झाल्या, तर अनावश्यक शस्त्रक्रिया टळतील आणि आवश्यक त्या वेळेवर होतील.