निर्णय तिचा, सहीही तिचीच

विड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सिन्नर आज माळेगाव व मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींसाठीही ओळखले जाते. विडी वळणारी आई आणि कंत्राटावर कारखान्यात जाणारी मुलगी, दोघींचेही हातावरचे पोट. अशा घरातील बाईची पाळी चुकली की तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटायला पाच मिनिटे पुरतात. पुढचा निर्णय मात्र नवरा, सासू आणि मुकादम घेतात. जिच्या पोटात गर्भ आहे, तिला कोण विचारतो?

कायदा तिलाच विचारतो. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची सही लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत लागते. २४ आठवड्यांपर्यंत, ठराविक स्त्रियांसाठी, दोघांचे. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. अविवाहितेलाही हाच हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे, कायद्याच्या चौकटीतला गर्भपात नव्हे. हा फरक न कळल्याने बाया गुपचूप गोळ्या आणून जीव धोक्यात घालतात. गोळ्या नऊ आठवड्यांच्या आत आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यायच्या असतात.

मूल हवे असेल तर तोही तिचाच निर्णय. ठरलेले दिवस काम भरले असल्यास पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, कंत्राटी कामगारालाही. पण मुकादमाच्या भीतीने पोट लपवावे लागत असेल, तर त्या हक्काला काय अर्थ?

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. नको असलेले मातृत्व स्त्रीवर लादू नये, हा त्यामागचा विचार. सभागृहाने ठराव फेटाळला. आज कायदा बदलला, पण आमची घरे बदलली का?

आशाताईंकडे ‘निश्चय’ तपासणी पट्टी मोफत मिळते. पट्टीसोबत हा कायदाही वस्तीत पोहोचवणे हे आमच्या महिला मंडळांचे काम आहे. जयंतीला बाबासाहेबांचा जयजयकार करायचा आणि घरी बायकोच्या कुशीवर मालकी सांगायची, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.